भाताच्या गावाहून भाताच्या पंगतीला

वर्षातून दोनदा आम्ही पाच मैत्रिणी एकत्र जेवतो. महाविद्यालय सुटून तीस वर्षे उलटली, तरी हा नेम कधी मोडला नव्हता. तो मोडला गेल्या वर्षी. आमच्यातील एकीला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिक्षिका असलेल्या मैत्रिणीला, अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. उपचार वेळेत मिळाले, वाचा शाबूत राहिली, चालणेही काही आठवड्यांत पूर्ववत झाले. मात्र त्यानंतरच्या दोन्ही भोजनांना ती आली नाही. पहिल्या वेळी पाहुणे आले होते, दुसऱ्या वेळी परीक्षेचे पेपर तपासायचे होते. तिसऱ्या वेळी मी फोन केला तेव्हा तिने सरळच विचारले, “मी काहून येऊ? तुम्ही खाणार अन् मी पाहत बसणार. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय माझं.”

मीठ बंद केलेले नव्हते, कमी केले होते. पण रुग्णाच्या मनात या दोहोंत फारसा फरक उरत नाही. मी आहारतज्ज्ञ असल्यामुळे हे आव्हान माझ्याच वाट्याला आले. त्यातच आमच्यातील बँकेत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीने सुचवले की, या वेळी नागपूरला जाऊन जपानी जेवण जेवावे. तिचा मुलगा दोन वर्षांपासून जपानमध्ये नोकरीस आहे आणि “आई, हे जगातलं सगळ्यांत आरोग्यदायी जेवण आहे” असे तो प्रत्येक फोनवर सांगतो. जिच्या ताटातील मीठ मोजायचे तिला जपानी उपाहारगृहात न्यायचे, हा बेत ऐकून मला क्षणभर हसू आले. का, ते सांगते.

जपानी माणूस दीर्घायुषी असतो हे खरेच आहे, आणि मासे, भाज्या, सोयाबीन, समुद्री शेवाळ व बेताचे जेवण यांना त्याचे पुष्कळ श्रेय जाते. परंतु याच देशात १९५१ पासून १९८० पर्यंत मृत्यूंच्या कारणांत मेंदूचा झटका पहिल्या क्रमांकावर होता. ईशान्येकडील अकितासारख्या बर्फाळ प्रांतांत १९५० च्या दशकात माणशी रोजचे मीठ पंचवीस ग्रॅमच्या पुढे जात असे. हिवाळाभर भाजी मिळत नसे. मग मिठात मुरवलेल्या भाज्या, खारवलेले मासे आणि मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, यांवर महिनेच्या महिने काढावे लागत. पुढे गावोगावी रक्तदाब मोजण्याच्या मोहिमा झाल्या, स्वयंपाक शिकवणाऱ्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, शीतकपाटे आली आणि मीठ हळूहळू उतरत गेले. आजही ते रोजी दहा ग्रॅमच्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढी. आपणही फार मागे नाही. भारतीयांचे सरासरी मीठ रोजी सुमारे आठ ग्रॅम भरते. त्यामुळे जपानी पदार्थ म्हणजे आपोआप पथ्य, ही समजूत मुलाच्या प्रेमापोटी क्षम्य असली तरी माझ्या मैत्रिणीच्या रक्तवाहिन्यांना परवडणारी नव्हती.

दोन दिवस आधी मी त्या उपाहारगृहात फोन केला. ते निव्वळ जपानी नव्हे. चिनी, थाई आणि जपानी असे सारे एकत्र मिळणाऱ्या ठिकाणांपैकी एक. फोनवरील तरुणाने मोठ्या सौजन्याने उत्तरे दिली. सोया सॉस वेगळ्या वाटीत मिळेल. मासा मीठ न लावता भाजून देता येईल. मात्र तेरियाकीसारख्या पदार्थांचा गोडसर काळा लेप आधीच तयार असतो, त्यातील मीठ काढता येणार नाही. मिसोचे सूपही तसेच. वाचकहो, हा फोन करण्यास लाजू नये, एवढेच येथे सुचवते. गर्दीच्या वेळी वाढप्याला थांबवून चौकशी करण्यापेक्षा दोन दिवस आधी निवांत विचारलेले बरे. रुग्णालाही चारचौघांत आपल्या आजाराची फिर्याद मांडावी लागत नाही.

याच फोनमुळे दुसरी एक गोष्ट वेळेत कळली. आमच्यातील एक मैत्रीण माळकरी घरातली, कट्टर शाकाहारी. मिसोच्या सूपमध्ये दिसायला टोफूचे तुकडे आणि कांद्याची पात एवढेच असते, पण त्याचे मूळ पाणी, ज्याला दाशी म्हणतात, ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढलेले असते. केवळ कोंबू नावाच्या शेवाळाचे दाशीही असते. जपानमधील बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात तेच वापरतात. येथे मात्र माशाचेच होते. ‘व्हेज’ दिसणाऱ्या वाटीत काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

सकाळच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने आम्ही निघालो. शिक्षिका मैत्रीण आदल्या रात्रीच गोंदियाला माझ्याकडे मुक्कामाला आली होती. न्याहारीला तिला बिनमिठाची भाकरी, दही आणि एक केळे दिले. दुपारच्या जेवणासाठी मिठाची शिल्लक राहावी, हा हेतू. गाडीत आमच्या पाचव्या मैत्रिणीने विषयच असा काढला की तिरोड्यापर्यंतचा वेळ कसा गेला कळले नाही. तिच्या सासरची राइस मिल आहे आणि हिशेब तीच पाहते. तिचा प्रश्न साधा होता: जपानीही भातखाऊ, आपणही भातखाऊ, मग आपल्याकडे घरटी मधुमेह आणि त्यांच्याकडे शंभरीचे आजोबा, हे कसे?

भाताच्या प्रश्नाला एका वाक्याचे उत्तर नसते. मी तिला जपानी आरमाराची गोष्ट सांगितली. जपानी शहरांत पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळाची चैन आली आणि तिच्यामागोमाग बेरीबेरी हा रोग आला. पाय सुजत, बधिर होत, शेवटी हृदय थकत असे. १८८२ च्या अखेरीस ‘र्‍यूजो’ ही युद्धनौका लांबच्या सफरीवर निघाली. ३७६ खलाशांपैकी १६९ आजारी पडले आणि २५ दगावले. आरमाराचे वैद्यक अधिकारी ताकाकी कानेहिरो यांच्या लक्षात आले की, हा रोग अधिकाऱ्यांना क्वचित होतो आणि भातावर जगणाऱ्या खलाशांना फार. १८८४ मध्ये त्यांनी ‘त्सुकुबा’ ही दुसरी नौका त्याच मार्गाने पाठवली, मात्र शिध्यात पाव, मांस, दूध आणि पुढे सातू यांची भर घातली. एकही मृत्यू झाला नाही. भूदलाच्या वैद्यकांनी मात्र हे मानले नाही. रशियाबरोबरच्या १९०४-०५ च्या युद्धात दोन लाखांहून अधिक जपानी सैनिकांना बेरीबेरीने गाठले. ताकाकींनी कारण प्रथिनांची कमतरता असे सांगितले, तेही पुरते बरोबर नव्हते. १९१० मध्ये सुझुकी उमेतारो यांनी तांदळाच्या कोंड्यातून तो गुणकारी अंश वेगळा केला. आज आपण त्याला जीवनसत्त्व ब-१ म्हणतो.

“म्हणजे आम्ही कोंडा तेलाच्या कारखान्याला विकतो, तो?” मिलवाली म्हणाली.

तोच. साळीचे तूस निघाल्यावर तांदळावर राहिलेला तपकिरी पापुद्रा पॉलिशमध्ये खरवडला जातो, आणि ब-१ बव्हंशी त्यातच असते. उष्णा तांदळाचे तसे नाही. साळ भिजवून वाफवली की पापुद्र्यातील जीवनसत्त्वाचा बराच अंश दाण्याच्या गाभ्यात उतरतो, मग पॉलिश झाले तरी तो टिकतो. गंमत अशी की, आपल्या जिल्ह्यातील मिलांमधून उष्णा तांदूळ पोत्यांनी बाहेर जातो आणि आपल्या पानात मात्र पांढराशुभ्र अरवाच लागतो. ‘उष्ण्याला वास येतो’ अशी आमच्या मिलवालीचीच तक्रार. आता आपण डाळ, भाज्या, दाणेही खातो, म्हणून आपल्याला बेरीबेरी होत नाही. पण शेताला पाणी देऊन आलेला माणूस जेवढा भात रिचवत असे, तेवढाच आपण खुर्चीत बसून रिचवू पाहतो, आणि सोबतची भाजी दिवसेंदिवस वाटीच्या तळाशी जाते. जपानी जेवणात भाताची वाटी लहान असते आणि तिच्याभोवती तीन-चार वाट्या इतर पदार्थांच्या. शंभरीच्या आजोबांचे काही रहस्य असलेच, तर ते तांदळाच्या जातीपेक्षा वाटीच्या आकारात अधिक आहे.

वैनगंगेचा पूल गेला, भंडारा रोड गेले. कामठीला शाकाहारी मैत्रिणीने खिडकीतून ड्रॅगन पॅलेसच्या दिशेने हात जोडले. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने १९९९ मध्ये उभे राहिलेले हे बुद्धविहार आमच्याकडच्या कित्येकांनी सहलीत पाहिलेले आहे. जपानशी आमची ओळख जिभेआधी तेथेच झाली.

उपाहारगृहात पहिला वाद भातावरूनच झाला. सुशी म्हणजे कच्चा मासा, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक सुशीचा आत्मा म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून कालवलेला भात. त्यावर किंवा त्यात मासा असो, काकडी असो वा अंडे. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. मिलवालीने पहिला घास बारकाईने चावला आणि निर्णय दिला, “गिचका झालाय. आमच्या सासूबाईंनी पातेलं परत पाठवलं असतं.” एचएमटीचा मोकळा, दाणा दाणा वेगळा भात खाल्लेल्या जिभेचा हा निवाडा होता. ज्या माणसाने हे वाण निवडून काढले ते दादाजी खोब्रागडे शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे. जपानी तांदूळ आखूड, जाड आणि मुद्दाम चिकट; त्यात अमायलोज नावाचा पिष्टाचा घटक कमी असतो, म्हणून दाणे एकमेकांना धरून राहतात. तसे ते राहिले नाहीत तर काड्यांनी उचलणार कसे? मधुमेही वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, असा भात रक्तातील साखर लवकर वाढवतो, त्यात साखरही घातलेली असते आणि सहा-आठ तुकड्यांच्या एका वळकटीत साधारण वाटीभर भात सहज बसतो. तुकडे चिमुकले दिसतात, म्हणून हिशेब चुकतो.

बँकवालीला साशिमीच हवी होती. मुलाला छायाचित्र पाठवायचे होते. येथे मी थोडी कठोर झाले. समुद्रातील माशांतही जंत असू शकतात. कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा त्याहून खूप थंड यंत्रात काही तास गोठवून मगच वापरावा असा अमेरिकेतील अन्न विभागाचा दंडक आहे. गोठवण्याने जंत मरतात, जिवाणू मात्र मरत नाहीत. ते केवळ थबकतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात मासा वाटेत किती वेळा वितळला, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. मी विचारले, तेव्हा वाढप्याने आचाऱ्याला बोलावून आणले आणि आचाऱ्याने प्रांजळपणे सांगितले की, सामन गोठवलेलाच येतो, आठवड्यातून एकदा, आणि आज त्याचा चौथा दिवस आहे. बँकवालीने स्वतःहून भाजलेला मासा मागवला. गरोदर स्त्रिया, लहान मुले, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि यकृताचे रुग्ण यांनी तर कच्च्या माशाच्या वाटेला जाऊच नये.

आणि एक गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी मुद्दाम. मोबाइलवरील चित्रफिती पाहून घरी सुशी करण्याची हौस मुलांत आली आहे. काकडी, गाजर, पनीर घालून खुशाल करावी. पण आपल्या मालगुजारी तलावातील रोहू, कतला किंवा मरळ कच्ची खाण्याचा प्रयोग कोणीही करू नये. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातील कच्चे मासे खाण्याच्या प्रथेतून यकृतातील पित्तनलिकांत चपटे जंत शिरतात आणि वर्षानुवर्षांनी तेथे कर्करोग उद्भवतो, हे पूर्णपणे सिद्ध झालेले आहे. जपान्यांनीही बिवा सरोवरातील मासा ताजा कच्चा न खाता मिठात आणि भातात महिनोन्‌महिने आंबवूनच खाल्ला; सुशीचे जुने रूप ते हेच. आपल्याकडे मासा शिजवूनच खातात. तेच चालू द्यावे.

पदार्थ येत गेले. तेम्पुरा आली, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, आपल्या भज्यांची नाजूक बहीण. तिच्यात भोके असलेली एक गोल चकती होती. शिक्षिका मैत्रीण, जी आतापर्यंत गप्प होती, ती एकदम म्हणाली, “ही तर कमळकाकडी! आमच्या तलावातली!” जपानी तिला रेनकोन म्हणतात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या तलावांतून आमच्याकडे ती चिखलातून उपसून बाजारात येते आणि चार पैशांची भाजी म्हणून दुर्लक्षिली जाते. येथे तीन चकत्यांचे जे दाम लावले होते ते मी लिहीत नाही.

मग सोया सॉस. पाच मिलिलिटरच्या एका लहान चमच्यात सुमारे तीनशे मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाऊण ग्रॅम मीठ. मोठ्या चमच्यात त्याच्या तिप्पट. सूपची वाटी सव्वा-दीड ग्रॅमची. मैत्रिणीसाठी मी हिशेब मांडला होता तो असा: सूप नको, मुरवलेल्या आल्याच्या एक-दोन चकत्या, आणि एक लहान चमचा सॉस मोजून वाटीत. सुशीचा तुकडा भाताच्या बाजूने बुडवू नये, भात स्पंजासारखा सॉस शोषतो. तुकडा कलता करून माशाच्या बाजूने नुसता टेकवावा. जपानी शिष्टाचारही हेच सांगतो. ‘कमी मिठाचा’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीतही मीठ पुष्कळच असते, आणि सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो हे गव्हाची बाधा असलेल्यांनी विसरू नये.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने सांगत होते. माझ्या लक्षात आले नाही की ती काहीच खात नव्हती. तिच्यासमोर लाकडी काड्यांची जोडी जशीच्या तशी कागदात होती आणि उजवा हात मेजाखाली होता.

झटक्यानंतर तिची बोटे पूर्ण परतली नव्हती. खडू धरता येई. पण भाताचा घास बोटांतून निसटे, शिते मांडीवर पडत. घरी ती चमच्याने जेवते आणि पाहुणे आले की आत जेवते. मीठ हे कारण खोटे नव्हते, पण खरे कारण ते नव्हते. आणि मी, रक्तदाबाच्या नोंदी आणि सोडियमचे तक्ते घेऊन बसलेली, तिला अशा ठिकाणी घेऊन आले होते जेथे जेवणच मुळी दोन काड्यांनी करायचे. वर्षभरात एकदाही मी तिला ‘हात कसा आहे’ असे विचारले नव्हते. रक्तदाब मात्र दर महिन्याला विचारला होता.

आचारी अजून तेथेच घुटमळत होता. त्याने पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, सुशी हाताने खातात. जपानमध्येही.” हे खरे आहे. भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदो, म्हणजे आजच्या तोक्योत, रस्त्यावरील गाड्यांवर उभ्या उभ्या हातानेच खात असत. आजही कोणी नाक मुरडत नाही. पहिली उचलली ती मिलवालीने, पाची बोटांनी. मग बँकवालीने, मग आम्ही. शिक्षिकेने डाव्या हाताचा आधार देऊन उजव्या हाताने एक तुकडा उचलला. गिचका भात निसटला नाही. शिजवलेल्या कोळंबीचा तो तुकडा सॉसला टेकवायचे ती विसरली, आणि मीही आठवण केली नाही.

“पुन्हा या भाताला नावं ठेवू नकोस,” ती मिलवालीला म्हणाली.

परतीच्या गाडीत तिने आपणहून सांगितले, झटक्याच्या दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता अक्षर खाली उतरत गेले आणि मुले हसली, ते. वाचकांनी त्यातील वैद्यकीय भाग तेवढा घ्यावा: चेहरा एका बाजूला झुकणे, हात दुबळा होणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक झाले तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि अर्जुनी मोरगावसारख्या ठिकाणाहून मोठे रुग्णालय गाठण्यातच त्यातील मोठा भाग खर्ची पडतो. तिच्या सहकाऱ्यांनी मुलांचे हसू ऐकून वर्गात डोकावले, म्हणून ती वेळेत पोहोचली. झटक्यानंतर हाताची हालचाल पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक सुधारते, पण त्यानंतर सुधारतच नाही असे नाही. फिजिओथेरपिस्टकडे जाणे तिने चौथ्या महिन्यातच सोडले होते. आता पुन्हा सुरू केले आहे.

कागदातील त्या काड्या तिने पर्समधून घरी नेल्या होत्या. फिजिओथेरपिस्टला दाखवल्या, तेव्हा त्यांनी सुक्या वाटाण्यांपासून सुरुवात न करता आधी कापसाचे बोळे उचलायला सांगितले. मागच्या रविवारी तिचा फोन आला. रक्तदाब १३२ वर ८४. बोळे झाले, आता वाटाणे चालू आहेत. सात उचलले, आठवा पलंगाखाली गेला आणि नातीने तो शोधून आणेपर्यंत तिने मला फोन लावला. पुढचे जेवण तिच्या घरी आहे, उष्ण्या तांदळाचा भात आणि कमळकाकडीची भाजी, मीठ बेताचे. मिलवालीने येताना वासाची तक्रार करायची नाही, असे तिने बजावले आहे.